तीन नंबरचा रस्ता

मुंबई नाक्यावर उभं राहून एखाद्या रिक्षावाल्याला 'एनएच साठ कुठून लागतो?' असं विचारून बघा. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग तुमच्या गाडीच्या नंबर प्लेटकडे. तेच 'आग्रा रोड' म्हणा, हात आपोआप ओझरच्या दिशेने जाईल. आणि एखादा जुना ट्रान्सपोर्टवाला भेटला तर तो हमखास म्हणणार, 'एनएच थ्री म्हणा ना!'

गंमत म्हणजे आपला हायवे कागदोपत्री तीन नंबरचा राहिलेलाच नाही. २०१० मध्ये केंद्र सरकारने देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांचे नंबर नव्याने लावले. फंडा सोपा होता. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. या नव्या हिशेबात आग्र्याहून ग्वाल्हेर, इंदूर, धुळे, नाशिक करत मुंबईला येणाऱ्या ११६१ किलोमीटरच्या आपल्या जुन्या एनएच ३ चे तुकडे झाले. नाशिक-धुळे तुकड्याला मिळाला ६०. आणि आपला तीन? लहान विषम आकडा, म्हणजे थेट उत्तर. तो गेला अटारी बॉर्डरपासून अमृतसर, जालंधर, मंडी, कुलू, मनाली करत लेहला पोचणाऱ्या रस्त्याकडे.

म्हणजे बॉस, द्वारकेच्या सिग्नलला ज्या नंबरवर हॉर्न मारत आपण म्हातारे होत होतो, तो नंबर आता ५३२८ मीटर उंचीच्या तांगलांग ला खिंडीतून जातो. प्रमोशन म्हणतात ते हेच!

जुन्या तीनवरून निघायचं आणि नव्या तीनवर पोचायचं, ही आयडिया आमच्या ग्रुपमधल्या एकाची. त्याला आपण लीडर म्हणू, कारण तो स्वतःला तेच म्हणवतो. लेहचा प्लॅन नाशिकमधल्या प्रत्येक ऑफिसात एक तरी शिजत असतो. कुणाच्या डेस्कटॉपवर पँगाँगचा निळा वॉलपेपर असतो, कुणी बुलेटच्या ईएमआयवर सही करतानाच 'लेहला नेणार' अशी शपथ घेतलेली असते. प्लॅन अडतो तो रजेवर. आमच्या लीडरने २०२२ च्या जूनमध्ये त्यावर तोड काढली. दोन वीकेण्ड, मधले पाच दिवस हक्काची रजा आणि सुरुवातीचा गुरुवार-शुक्रवार 'वर्क फ्रॉम होम'. झाले अकरा दिवस. (मी फ्रीलान्सर. माझी रजा नाकारणारं कुणी नाही, आणि रजेचा पगार देणारंही.) सहा जण, दोन गाड्या. त्यातली एक स्कॉर्पिओ, सातपूर एमआयडीसीत जन्मलेली, म्हणजे आमच्यापैकी बऱ्याच जणांसारखीच लोकल.

मनालीपर्यंतचा प्रवास पटकन उरकतो, कारण आम्हीही तो तसाच उरकला. राहूड घाटातला गारवा, सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन घाट आणि तिथले पहिल्या गिअरमध्ये कण्हणारे ट्रक, इंदूरमध्ये पोहे, शिवपुरीत मुक्काम. मोरेना सोडल्यावर दोन्ही बाजूंना चंबळची ती चिरफाळलेली माती, आणि गाडीत सगळ्यांना एकदम आठवलेले डाकूंचे सिनेमे. आग्र्याला ताजमहाल न बघता पुढे. दिल्ली, चंदीगड. तिसऱ्या रात्री मनाली. साधारण अठराशे किलोमीटर. लीडर खूश. शेड्युल मिनिटावर!

चौथ्या दिवशी मनालीहून निघालो की मुक्काम थेट सरचू. इथे मला जरा थांबायचंय, कारण सगळी गोष्ट या एका ओळीत आहे. एक्सेल शीटवर ही ओळ अगदी निरागस दिसते. मनाली ते सरचू, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. नाशिक-मुंबई एवढंच की!

पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. मनालीच्या डोक्यावर रोहतांग, ३९७८ मीटर. चढण, चिखल, बर्फ, आणि बर्फात लोळायला आलेल्या हनिमूनवाल्यांचा ट्रॅफिक जाम. रोहतांग ओलांडून पलीकडे लाहौलमध्ये उतरेपर्यंतच अर्धा दिवस जायचा. मग माणूस निमूट केलाँगला मुक्काम करायचा. हिमाचल टुरिझमची मनाली-लेह बससुद्धा रात्री केलाँगलाच थांबायची. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला आणि चित्रच बदललं. ९.०२ किलोमीटर लांबी, ४६ किलोमीटरचा वळसा वाचला. एका बाजूने पाइनच्या हिरव्या गर्दीत शिरायचं, दहा-पंधरा मिनिटांत दुसऱ्या बाजूने उघड्या राखाडी डोंगरांत बाहेर पडायचं. जाम भारी वाटतं, खोटं कशाला बोलू? लाहौलच्या लोकांसाठी तर तो बोगदा म्हणजे जीवच आहे. हिवाळ्यात रोहतांग बंद झाला की त्यांचं सगळं खोरं महिनोन्महिने तोडलं जायचं, बाळंतिणीला किंवा पेशंटला बाहेर काढायचं तर हेलिकॉप्टरची वाट बघावी लागायची.

पण आपल्यासारख्या टूरिस्टांनी त्या वाचलेल्या तासांचं काय केलं? केलाँगची रात्र कॅन्सल केली आणि थेट सरचू गाठायला लागलो. बारा वाजता केलाँग मागे पडलेलं असतं, ऊन असतं, गाणी चालू असतात. इतक्या लवकर थांबून करायचं काय?

आता आकडे नाशिकच्या भाषेत सांगतो. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्राचं टोक. मनाली २०५० च्या आसपास, म्हणजे रूममध्ये बसून तुम्ही कळसूबाईच्या चारशे मीटर वर. सरचू ४२९०. म्हणजे एकावर एक अडीच कळसूबाई, वर थोडं उरतंच. सकाळी मनालीत आलू पराठा खाल्लेला माणूस त्याच रात्री तिथे झोपणार. आणि डॉक्टरांचा नियम काय सांगतो? तीन हजार मीटरच्या वर गेलात की रोज झोपण्याची उंची फार तर पाचशे मीटरने वाढवा, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण आराम. आम्ही एका दिवसात बावीसशे मीटर चढलो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही तेच २१ टक्के असतं बरं का. कमी होतो तो हवेचा दाब. सरचूला तो समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के भरतो. म्हणजे श्वास तेवढाच, माल कमी.

टांडीच्या पेट्रोल पंपावर टाकी फुल्ल केली. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असं सांगणाऱ्या तिथल्या पाटीबरोबर फोटो काढल्याशिवाय वर्षानुवर्षं कुणी पुढे गेलेलं नाही, आम्हीही नाही. जिस्पा, दारचा, मग दीपक ताल. झिंगझिंगबारला चहा घेताना आमच्यातला एक गप्प झाला. हा आमचा रनर. रोज सकाळी गंगापूर रोडला दहा किलोमीटर पळणारा, ऑफिसात जिना चढणारा, आम्हाला वडापाव खाताना लेक्चर देणारा. 'डोकं जड झालंय,' एवढंच म्हणाला. बारालाचा ला, ४८९० मीटर. ला म्हणजेच खिंड. सगळे उतरून बर्फात नाचले. हा गाडीतच बसून राहिला. लीडर म्हणाला, 'काय राव, मॅरेथॉनवाला फुस्स!'

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. फिटनेसचा आणि याचा काहीही संबंध नाही. पळणारे, जिमवाले, ट्रेकर, कुणालाही होतं. उलट फिट माणसाला त्रास जास्त होण्याची शक्यता का वाटते, तर तो कबूल करत नाही म्हणून.

सरचू दिसायला स्वर्ग आहे. सपाट लांबलचक मैदान, खाली खोल घळीत नदी, पांढरे तंबू. संध्याकाळी वारा सुटला की मात्र स्वर्गाचं भाडं कळतं. रनरने जेवण नाकारलं. मग उलट्या. पाणी प्यायला तेही बाहेर. लीडरचं म्हणणं, 'झोप भाऊ, सकाळी फ्रेश होशील, उद्या लेह!' रात्री एकच्या सुमारास तो तंबूबाहेर गेला आणि मी बॅटरी घेऊन मागोमाग. तो दारू प्यायल्यासारखा चालत होता. दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे. मी त्याला त्याच्या बायकोचा फोन नंबर विचारला. त्याला आठवेना.

हे लक्षात ठेवा. डोकं दुखणं, मळमळ, झोप न येणं हा पहिला टप्पा. तिथेच थांबायचं, अजिबात वर जायचं नाही. पण चाल लटपटली, बोलणं भरकटलं, किंवा नुसतं बसून असताना धाप लागली, खोकल्यातून फेस यायला लागला, तर ती मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साठत असल्याची लक्षणं. त्यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. ऑक्सिजनचा सिलिंडर आणि औषधं वेळ काढून देतात, उतरण्याची जागा घेत नाहीत. संशय आला तर माणसाला जमिनीवर रेघ ओढून पावलाला पाऊल लावत सरळ चालायला सांगा. जमलं नाही, तर चर्चा बंद.

आमच्याकडे चर्चा सुरू झाली. पाऊण तास! लीडरच्या मते पुढे लेह आहे, मोठं शहर, मोठं हॉस्पिटल, उंची साडेतीन हजार, म्हणजे सरचूपेक्षा खालीच. नकाशावर बरोबर. पण मध्ये काय आहे? आधी २१ वळणांचे गाटा लूप्स, मग ४७०० च्या वरचा नकी ला, मग पाच हजारांच्या वरचा लाचुंग ला, पुढे पांग, मग मोरेचं लांबच लांब उंच पठार आणि शेवटी तांगलांग ला. अडीचशे किलोमीटर, बहुतेक सगळे सरचूच्या वरचे. आणि मागे? मागे केलाँग, ३०८० मीटर, शंभरावर किलोमीटर. पण मध्ये बारालाचा. म्हणजे खाली उतरायलासुद्धा आधी सहाशे मीटर चढायचं! मनालीहून येणाऱ्या माणसासाठी सरचू हा असा पिंजरा आहे. दोन्ही दारं वरच्या मजल्यावर. टूरच्या माहितीपत्रकात सरचूचे तंबू असतात, बोनफायर असते, हे नसतं.

चर्चा थांबवली ती तंबूवाल्याने. लाहौलचाच, पंचविशीतला पोरगा. त्याने रनरकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "भैया, इसको नीचे ले जाओ. सुबह का इंतज़ार मत करो." त्याच्याकडे ऑक्सिजनचा एक सिलिंडर होता, तो दिला. त्याचा मेहुणा पिकअप घेऊन पहाटे दारच्याला निघणार होता, त्याला उठवून तीन तास आधी काढलं. पिकअप पुढे, स्कॉर्पिओ मागे. गाडी चालवणारा आमचा सीए मित्र, मागच्या सीटवर रनर आणि मी. बाकीचे तिघे दुसऱ्या गाडीने सकाळी लेहला जायचे ठरले. लीडर शेवटपर्यंत म्हणत होता की आम्ही ओव्हररिॲक्ट होतोय.

त्या रात्रीत एकच गोष्ट आमच्या बाजूने होती. नाले. दिवसा ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि रस्त्यावरून वाहणारे नाले दुपारनंतर फुगतात, पहाटे ते सगळ्यात कमी असतात. मेहुणा हे सगळं पाठ असल्यासारखा चालवत होता. जिथे रस्त्यावर काचेसारखा बर्फ, तिथे आधीच ब्लिंकर. बारालाच्यावर पोचलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. रनरचे ओठ निळसर. मी त्याला दर पाच मिनिटांनी काहीतरी विचारत होतो, पाढे, बॉसचं नाव, सीबीएसहून कॉलेज रोडला कसं जायचं. सतरा नव्वे कितीला तो अडला. तसा मीही अडलो असतो म्हणा.

खिंडीच्या अलीकडे रस्त्याचे मजूर कामाला लागलेले होते. तोंडाला फडकी बांधलेली, पत्र्याच्या ड्रममध्ये डांबर तापतंय. या रस्त्यावर तुम्हाला जे यमकातले विनोदी बोर्ड दिसतात, दारू पिऊन चालवू नका, घाई करू नका वगैरे, ते लावणारी संस्था म्हणजे सीमा सडक संघटन, बीआरओ, १९६० ची. बोर्डांचे फोटो आपण सगळेच टाकतो. रस्ता ज्यांच्या हातांनी दर उन्हाळ्यात पुन्हा उभा राहतो, ते बरेचसे झारखंडच्या दुमका भागातले आदिवासी. लॉकडाउनमध्ये, मे २०२० मध्ये, बटालिक भागात अडकलेल्या अशा ६० मजुरांना झारखंड सरकारने लेहहून विमानाने घरी आणलं, तेव्हा देशाला ते पहिल्यांदा दिसले. पुढच्याच महिन्यात दुमक्याहून खास रेल्वेने नवे मजूर परत वर गेले. रस्ता तर हवाच ना! ज्या उंचीवर आमचा मॅरेथॉनवाला आडवा झाला होता, तिथे ही माणसं अख्खा सीझन खडी फोडतात. एकाने न मागता आमच्या बाटलीत गरम पाणी भरून दिलं आणि विचारलं, कुठले? नाशिक म्हटल्यावर हसला. "प्याज!"

दारच्याच्या पुढे रनरने डोळे उघडले. जिस्प्याला तो म्हणाला, 'इथे ऑम्लेट मिळेल का रे?' मी आयुष्यात इतकं सुंदर वाक्य ऐकलेलं नाही. केलाँगच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, ऑक्सिजन लावला, दोन दिवस ठेवून घेतलं आणि या ट्रिपमध्ये पुन्हा वर जायचं नाही असं बजावलं. आम्ही तिघे चार दिवस केलाँगला राहिलो. भागा नदी, समोरच्या डोंगरावर कार्दांगचा गोंपा, मटारची शेतं, संध्याकाळी थुक्पा. लेहला पोचलेल्या तिघांचे फोटो येत होते. त्यांच्यातल्या एकीने नंतर सांगितलं की पांगला तिचंही डोकं फुटायची वेळ आली होती, पण ती बोलली नाही. ग्रुपचा मूड जाईल म्हणून.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ग्रुपचा मूड! रस्त्यावरचे लोक या त्रासाला वचकून असतात, आपण लाजतो. ऑफिसात ताप अंगावर काढून प्रेझेंटेशन देणारे आपण, तेच डोकं घेऊन अडीच कळसूबाई चढतो. आणि रजा अकराच दिवस असते म्हणून जे दोन दिवस आपण कापतो, ते नेमके 'काही न करण्याचे' दिवस असतात. शरीर त्याच दिवसांत रक्त तयार करत असतं, श्वास जुळवून घेत असतं. एक्सेल शीटला ते रिकामे दिसतात.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही तिघे पुन्हा निघालो. पंधरा दिवसांची खरीखुरी रजा, एचआरला खरं कारण सांगून. लीडर नव्हता. या वेळी उलटा रूट, श्रीनगरकडून. हाच रूट मी आता सगळ्यांना सांगतो, कारण तो जिन्यासारखा चढतो. श्रीनगर जेमतेम १६०० मीटर, झोजी ला ३५०० ला ओलांडायचा, झोपायला कारगिल २६७६, मग फोटू ला ४१०८, झोपायला लेह ३५००. दिवसा चढा, रात्री खाली झोपा. लेहमध्ये तीन रात्री, पहिले दोन दिवस फक्त बाजार आणि बेकरी. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांनीही किमान ४८ तास असंच लोळायचं असतं, पहिल्याच दिवशी खारदुंग ला नाही. मनालीकडूनच जायचं असेल तर जिस्पा किंवा केलाँगला दोन रात्री काढा आणि सरचूला झोपणं टाळून पहाटे लवकर निघून एका दमात लेह गाठा. लांब पडतं, पण झोप खाली लागते. डायमॉक्स वगैरे गोळ्या मित्राने दिल्या म्हणून नाही, डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी असेल तर हे आधी सांगा.

लेहहून उपशीपर्यंत सिंधूची सोबत होती, मग डावीकडे सिंधू सोडून रस्ता वर चढत गेला. तांगलांग लावर रनर उतरला, फोटो काढला, पाच मिनिटांत 'चला' म्हणाला. मोरेच्या पठारावर गाढवांसारखे दिसणारे कियांग लांबून पळताना दिसले. संध्याकाळी सरचू. तोच तंबूवाला शोधून काढला. त्याने रनरला ओळखलंच नाही, कारण त्या रात्री ह्याचा चेहरा निळा होता. ओळख पटल्यावर राजमा-चावलचं दुसरं ताट आलं, त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. मेहुण्याने आता नवी पिकअप घेतलीय म्हणे.

त्या रात्री सरचूला मला झोप लागली नाही. शेजारच्या स्लीपिंग बॅगमधून रनर रात्रभर घोरत होता.